क्रमांक एकशे सतराची जट

मी एक गोष्ट चोरली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल थोडाफार आदर वाटू लागेल, आणि तो नंतर परत करणं मलाच जड जाईल.

मी डॉ. वैजयंती साळगर. मिरजेच्या एका संशोधन केंद्रात अठ्ठावीस वर्षं केसांचं रसायन तपासलं. लग्न केलं नाही, देव मानला नाही, आणि आपण खोटं बोलत नाही याचा मला फार अभिमान होता. तो अभिमान चौदा महिन्यांपूर्वी कृष्णेच्या घाटावर संपला. तेव्हापासून मी आरशात बघून केस विंचरत नाही.

आधी यंत्राबद्दल. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मनावर ताण आला की रक्तातली रसायनं बदलतात आणि त्या दिवशी मुळाशी तयार होणाऱ्या केसात त्याची खूण राहते. जुन्या यंत्रांना ही खूण महिन्याच्या अंदाजाने दिसायची आणि चार वेळा न्हालं की ती धुऊनही जायची. २०३७ साली केसाच्या प्रथिनावरच उमटणारा, न धुतला जाणारा एक डाग सापडला. आमचं यंत्र, केशपट, तो दिवसागणिक वाचतं. केसाचं टोक आत घालायचं. लेझर एकेका दिवसाचा तुकडा जाळतो, त्याची वाफ तोलली जाते, आणि पडद्यावर रेघ उमटते. ताण वाढला की रेघ वर, निवळला की खाली. दुसऱ्या बाजूने काहीही बाहेर येत नाही. केस संपतो. हे लक्षात ठेवा.

रोज सकाळी यंत्र नीट चाललंय का हे बघायला आमच्याकडे एक रीत होती. जो यंत्रावर बसेल त्याने पहिला केस स्वतःचा घालायचा. आपल्यावर कुठल्या दिवशी काय गुदरलं ते आपल्याला ठाऊक असतं, तेव्हा रेघ खरी की खोटी ते लगेच कळतं. आम्ही त्याला सलामी म्हणायचो. कुणाची रेघ कुठल्या दिवशी उसळली यावर चहाच्या वेळी मनसोक्त चेष्टा चालायची.

या यंत्रावर मी जो अभ्यास हाती घेतला तो चांगला होता, हे आजही म्हणेन. तृतीयपंथी, समलिंगी बायका आणि पुरुष, यल्लम्माला वाहिलेले जोगते, असे आमच्या भागातले दोनशे चौदा लोक. यांना काय काय आजार होतात हे आजवर पुष्कळांनी मोजलं होतं. इतकं सोसून ही माणसं उभी कशी राहतात, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी मी एक आकडा ठरवला आणि त्याला उतार म्हटलं. एखादा घाव बसल्यावर रेघ पुन्हा खाली यायला जितके दिवस लागतात, तो त्या माणसाचा उतार. इतरांना सरासरी सतरा दिवस लागत. या लोकांना अडतीस.

माणसं जमवली ती संग्रामने. संग्राम पस्तिशीचा. मुलगी म्हणून जन्मला, पुरुष म्हणून जगतो, आणि हे नाव त्याने स्वतःच निवडलेलं. कामाला लागण्याआधी त्याने माझीच मुलाखत घेतली.

"ताई, आमच्याकडनं रक्त नेतात, थुंकी नेतात, रडगाणी नेतात. परत कोण येत नाही. तुम्ही येणार?"

"येईन. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या केसाला हात लावणार नाही."

हे वाक्य त्याने दोनशे चौदा घरांत जाऊन सांगितलं. माझ्या शब्दावर लोकांनी मान पुढे केली.

मालगावच्या रस्त्याला एक निवारा आहे. राज्याच्या योजनेतून चालतो, वीसेक लोक राहतात. तिथे तारक्का भेटली. वय त्रेसष्ट, हिरवी साडी, कपाळभर हळद, आवाज असा की हाक मारली तर रस्त्यावरचा ट्रक थांबावा. ती जोगता. डोक्याच्या उजव्या बाजूला अंगठ्याएवढी जाड जट, खांद्यावरून पुढे घेतलेली. बाकीचे केस मोकळे.

"ह्यातलं काय पायजे ते घ्या," मोकळ्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली. "जटंला हात न्हाई लावायचा. ती यल्लम्मा आईची हाय."

मी तीन सेंटिमीटर केस घेतले, म्हणजे तीन महिने. क्रमांक एकशे सतरा. त्या तीन महिन्यांत तिचा भाऊ वारला होता आणि घरच्यांनी तिला मयताला येऊ दिलं नव्हतं. रेघ त्या दिवशी छतापर्यंत गेली आणि दोन दिवसांत खाली आली. दोन दिवस! मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा सलामी दिली, पुन्हा केस घातला. दोनच दिवस.

त्या दिवसापासून मला ती जट दिसू लागली. एरवी डोक्यावरचा केस पाच-सहा वर्षांत गळून जातो. जटेत तो गळतो पण अडकून राहतो. एकाच्या शेवटच्या महिन्यांवर दुसऱ्याचे पहिले महिने येतात. रेघांची नक्षी जुळवत गेलं की केसाला केस जोडून मागे मागे जाता येतं. जगात कुणाकडे माणसाच्या ताणाची वीस वर्षांची अखंड रेघ नव्हती, आणि इथे मालगावच्या रस्त्यावर एक बाई ती खांद्यावर टाकून भाजी निवडत बसली होती. मी दोनदा विचारलं. ती दोनदा हसून नाही म्हणाली.

मग तिला टायफॉइड झाला. तापातून उठली तेव्हा न्हाताना जट मुळापासून निसटून हातात आली. निरोप आला म्हणून मी गेले. तारक्का खाटेवर बसली होती, अर्धी झाली होती. शेजारच्या खाटेवर रखमाक्का. ही जोगतीण, अर्धांगाचा झटका येऊन गेलेली, बोलणं अडखळतं. निवाऱ्यात आले की मी तिला नमस्कार करायचे, त्यापलीकडे तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. अभ्यासात तीही होती, पण तिचा उतार एक्केचाळीस, म्हणजे गटातल्या चारचौघांसारखा.

तारक्काने उशाखालून हळदीच्या फडक्यात बांधलेली जट काढली.

"बाई, आईनं दिली, आईनं न्हेली. आता कृष्णंत सोडाय पायजे. माझं पाय चालंनात, रखमाचं तर बघतायच. संग्राम पुण्याला गेलाय. तुमच्याकडं गाडी हाय. सोडशिला का? पाण्यात दिवा लावायचा आन् सोडायची, एवढंच."

"सोडते की," मी म्हणाले. शपथेवर सांगते, म्हणताना मनात काही नव्हतं.

घाटावर गेले. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत पोहोचले. फडकं हातात गरम लागत होतं, ऊन होतं म्हणून. आणि माझ्या डोक्यातली सुशिक्षित बाई बोलायला लागली. नदीत केस टाकणं म्हणजे नदी घाण करणं. ही अंधश्रद्धा. हिच्या लोकांच्या भल्यासाठीच तर हे काम चाललंय. तिला कळणारही नाही. अशी वीसेक कारणं दिली असतील. खरं कारण एकच होतं, मला ती हवी होती. मी पायऱ्या चढून गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी तारक्काने विचारलं, "सोडलीसा?"

"सोडली."

"दिवा लावला न्हवं?"

"लावला. वाऱ्याने विझत होता, पण लागला."

वाऱ्याचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं. चोरीपेक्षा त्या वाऱ्याची मला जास्त लाज वाटते.

जट सोडवायला पाच महिने लागले. वरून हातभर दिसणारी, पण आत केस वेटोळे घालून बसलेले. एकेक केस यंत्रात गेला आणि वाफ झाला. शेवटी चार बोटांचा तुकडा जपून ठेवला, बाकी सगळी गेली. पडद्यावर बावीस वर्षं उभी राहिली.

एकोणीस वर्षं तीच गोष्ट. घाव बसतो, रेघ उसळते, दोन-तीन दिवसांत खाली. आणि शेवटची दोन वर्षं सोडली तर दर सातव्या दिवशी एक छोटा खळगा. पंचांग लावून पाहिलं, मंगळवार. जोगते मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागतात, गातात. मी लिहून टाकलं की हा गाण्याचा परिणाम असावा. शुक्रवारी रेघ जराही हलत नव्हती. ते मला दिसलं होतं. तळटीपेतही घातलं नाही.

आणि सगळ्यात जुनी तीन वर्षं. तिथे रेघ वर गेली होती आणि वरच राहिली होती. अकरा अकरा महिने उतार नाही. हे माझ्या सिद्धांतात बसेना. जुन्या टोकाचे केस झिजलेले असतात, मोजमाप खात्रीचं नाही, असं म्हणून मी ती तीन वर्षं गाळली. थोडं खरंही होतं ते. पूर्ण खोटं मला लिहिता आलं नसतं. थोडं खरं असल्यामुळे सोपं गेलं.

निबंध गाजला. ‘एकोणीस वर्षं अढळ राहिलेला उतार: सोसण्याची शक्ती हा काही व्यक्तींचा कायमचा गुणधर्म.’ परदेशातून बोलावणी आली. शाल घेतली, नारळ घेतला. संमतीच्या रकान्यात तारक्काच्या तीन सेंटिमीटरच्या सहीचाच कागद जोडला होता. कुणी उलटून पाहिला नाही.

फक्त सकाळची सलामी अवघड होत गेली. माझी रेघ त्या घाटाच्या दिवशी चढली होती. ती उतरेना. महिना झाला, चार झाले, आठ झाले. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "मॅडम, प्रेमात पडलात की काय?" मी हसले. त्यानंतर कामं वाढल्याचं सांगून मी यंत्रावर बसणं सोडलं.

मग एक दिवस संग्राम आला. नेहमी चपला काढून, "ताई, चहा?" म्हणत यायचा. त्या दिवशी चपलांसकट आत आला आणि टेबलावर कागद ठेवला.

योजनेच्या कार्यालयाचं पत्र होतं. निवाऱ्यातल्या सगळ्यांचे केस कार्यालयाने परस्पर तपासले होते. ज्यांचा उतार दहा दिवसांच्या आत, ते सक्षम. सक्षम व्यक्तीला निवाऱ्याची गरज नाही, महिनाअखेर जागा सोडावी. उतार हा कायमचा गुणधर्म असल्याने फेरतपासणी होणार नाही. खाली आधार म्हणून माझा निबंध. नावं तीन होती, पहिलं तारक्काचं.

"जो जास्त सोसतो त्याला बाहेर काढायचं," संग्राम म्हणाला. "असा निघाला तुमच्या अभ्यासाचा अर्थ. रखमाक्का आत राहणार, कारण ती कमजोर. तारक्का बाहेर, कारण ती घट्ट. वीस वर्षं दोघी एकमेकींच्या आधारानं हायत, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"मी हरकतीचं पत्र देते. आकड्याचा असा वापर..."

"ताई, एक विचारू?" तो निबंधाचं पान उघडून बसला होता. "एकोणीस वर्षांचा केस कुणाचा? मी दोनशे चौदा माणसं आणली. जट एकीलाच होती. आणि ती तुम्ही सोडून आलात, दिवा लावून. मला पुण्यात फोन करून तारक्कानं सांगितलं होतं, वारं होतं म्हणून."

 तो उठला. दारात थांबून म्हणाला, "मी तुमच्या नावानं लोकांना शब्द दिला होता. आता माझ्या तोंडाला काय फासायचं ते सांगा." आणि गेला.

मी त्याच दुपारी मालगावच्या रस्त्याला गेले. तारक्का रखमाक्काला पेज भरवत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. घाट, फडकं, गाडी, यंत्र, वारा. ती एकेक चमचा भरवत राहिली. वाटी संपली, रखमाक्काचं तोंड पुसलं, मग माझ्याकडे वळली.

"जाळलीस?"

आजवर ती मला तुम्ही म्हणायची.

"हो. चार बोटं उरली आहेत."

"आईचं काय व्हायचं हुतं ते झालं. जळली काय, बुडाली काय. पर तू माझ्या डोळ्यात बघून सांगिटलंस, वारं हुतं म्हणून. म्या राती दिव्याला हात जोडलं गं, विझू नगो म्हणून."

मी खाली बसले. तिने बसायला सांगितलं नव्हतं.

मग तिनेच विचारलं, "काय दिसलं त्यात?"

मी रेघ सांगितली. दोन दिवसांचा उतार सांगितला. दर मंगळवारचा खळगा सांगितला, आणि गाळलेली तीन वर्षंही सांगितली. ती रखमाक्काकडे बघून हसली. हसताना तिचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंस का रखमे? तू घावलीस."

"म्हणजे?"

"अगं, पयली तीन वर्सं म्या सांगलीच्या स्टँडवर निजत हुते. भावानं घरातनं काढलं तवा. मग ही भेटली. ही लेकीकडं ऱ्हायाची, जयसिंगपुरात. लेकीच्या दादल्याला चालायचं न्हाई माझ्याकडं आलेलं. म्हणून मंगळवारी जोगव्याचं निमित्त करून यायची. जट धुवायची, तेल लावायची, भाकरी करायची. दोघी एका ताटात जेवायचो. आन् सांजचं जायाची. काय झालं, कुणी मारलं, कुणी थुकलं, तर निरोप धाडायचा, की दुसऱ्या दिशी ही हजर. लेकीशी भांडून यायची." तिने रखमाक्काचा लुळा हात मांडीवर घेतला. "माझ्यात कसलं आलंय बळ? ते हिचं येणं हाय. आन् आमचं काय हाय त्याला आमच्यात बी नाव न्हाई. हितं येऊन दोन वर्सं झाली, तवापासनं रोजचं एक ताट हाय, एवढंच."

रखमाक्का काहीतरी पुटपुटली. तारक्काने मला समजावून सांगितलं.

"ती म्हंती, इच्यारलं असतं तर सांगिटलं असतं."

तेच तर. बावीस वर्षांची रेघ वाचायला मी पाच महिने जाळले, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला एक प्रश्न विचारला नाही. मला यंत्र होतं ना.

उतार तारक्काचा नव्हताच. तो दोघींमध्ये होता. आणि योजना दोघींनाच वेगळं करायला निघाली होती. खोलीतून तारक्का गेली की तिची रेघ पुन्हा स्टँडवरच्या तीन वर्षांसारखी होणार, हे त्या जटेत लिहिलेलं होतं. मी गाळलेल्या भागात.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"ते माझ्याकडं न्हाई," ती म्हणाली. "महिनाअखेरीला मला हितनं काढत्यात. तेवढं बघ. हिला उजव्या हातानं जेवता येत न्हाई."

मी पत्रावर हरकत घेतली, आणि तिची सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, निबंधातली मुख्य रेघ संमतीशिवाय, चोरून घेतलेल्या केसाची आहे, म्हणून निबंध मी मागे घेते. दोन, त्या रेघेतली तीन वर्षं मी लपवली, आणि ती धरली तर उतार कायमचा नाही, तो सोबतीवर अवलंबून आहे. मग गाळलेल्या वर्षांची रेघ पडद्यावर लावली.  अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर, याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?" मी हो म्हणाले. त्याक्षणी मला शूर वगैरे काही वाटलं नाही. मागच्या बाकावर संग्राम बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, एवढंच दिसत होतं.

पत्र रद्द झालं. तिघांची जागा राहिली. मला केंद्राने काढून टाकलं, ते योग्यच झालं. दोनशे चौदापैकी एकशे साठ जणांनी आपले केस परत मागितले. परत द्यायला काही नव्हतं. संग्राम त्यांच्या घरोघरी जाऊन हे सांगून आला, एकटाच. मी येते म्हटलं तर नको म्हणाला.

परवाच्या मंगळवारी तारक्काने बोलावणं धाडलं. चार बोटांचा तुकडा घेऊन ये, गाडी घेऊन ये, बाकी काही आणू नको.

घाटावर मी रखमाक्काची चाकाची खुर्ची गाडीतून उतरवली. संग्राम आला होता. त्याने आणि घाटावरच्या दोघांनी खुर्ची उचलून खाली नेली. मीही मागोमाग पायरी उतरू लागले.

"तू वरच थांब," तारक्का म्हणाली. रागाने नाही. जागा दाखवावी तसं.

मी थांबले. जिथून मी गेल्या वर्षी मागे फिरले होते, त्याच्या कितीतरी वर. खाली तारक्का गुडघाभर पाण्यात उभी राहिली. रखमाक्काने डाव्या हाताने कणकेचा दिवा धरला होता. तो थरथरत होता, पण तिने कुणाला धरू दिला नाही. संग्रामने काडी ओढली. वारं खरोखरच होतं. पहिली काडी विझली, दुसरी विझली. तिसऱ्या वेळी तारक्काने पदराचा आडोसा केला, रखमाक्का पुढे वाकली, आणि त्या दोघींच्या मध्ये दिवा लागला.

तुकडा पाण्यात सोडला तेव्हा मला तो दिसलासुद्धा नाही. एवढासा होता.

दिवा लांब गेल्यावर तारक्काने वर पाहिलं. तिचा तो ट्रक थांबवणारा आवाज अख्ख्या घाटाला ऐकू गेला. कपडे धुणाऱ्या बायकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस? दिवा आसा लावत्यात."